सासूबाईंनी शाळेत सोडलेला वाघ

एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या सासूबाईंनी आमच्या शाळेत वाघ सोडला.

शाळेच्या दप्तरात ह्याची नोंद नाही. नोंद करायची ती हेडसरांनी, आणि हेडसर त्या वेळी दप्तराच्याच खोलीत आतून कडी लावून बसले होते.

आमची शाळा डिचोली तालुक्यातली, सर्वणच्या पुढे एका वाड्यावरची. (वाड्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजूनही बाजारात मला बघून हळूच डरकाळी फोडतात.) पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं आणि शिक्षक दोन. तिसरी-चौथी हेडसरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. माझ्या वाट्याला नऊ मुलं, पण आवाज नव्वदांचा. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा तेव्हा आमच्या शाळेसमोर भोंगा वाजवतच नसे. म्हणायचा, "टीचर, हयसर वाजोवन उपेग ना. आयकतलो कोण?"

त्या गदारोळात एका जूनमध्ये तन्वी आली. दुसरीतली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि टपोऱ्या डोळ्यांत जगाबद्दलची भरपूर तक्रार. कुटुंब दोडामार्गाकडचं. वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे लागले होते आणि वाड्यावर एक खोली भाड्याने घेऊन राहिले होते. तन्वीने खिडकीजवळची जागा धरली आणि तोंड मिटलं, ते मिटलंच.

"तन्वी, पूर्ण नाव सांग बघू."

गप्प.

"डबा खाल्लास?"

गप्प.

"बरं, खाल्ला नसशील तर मान तरी हलव."

मानही गप्प!

मला वाटलं, ऐकू येत नसेल. मी दबक्या पावलांनी तिच्या मागे गेले आणि खाडकन टाळी वाजवली. ती सोडून सगळा वर्ग दचकला. तिने सावकाश मान वळवून माझ्याकडे असं काही बघितलं, की दुसऱ्या टाळीसाठी वर गेलेले हात मी नमस्कार करून खाली घेतले.

लिहायला मात्र हुशार. अक्षर मोत्यासारखं, बेरीज-वजाबाकी चोख. फक्त आवाज नाही. शेवटी मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं.

"बोलणा नाय?" आई खुर्चीवरून उडालीच. "टीचर, घरात ह्या रेडियाचां बटण माका गावणा नाय, आणि शाळेत बोलणा नाय?"

वडील जरा वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "थंय गावच्या शाळेत बोलायचां. हयसर रमणा नसात तां. दिवाळीपर्यंत बघया. नायतर गावाक काकीकडे ठेवतंय तेका. शिकाप तरी बुडूक नये."

ते शांतपणे बोलले, पण मी घरी जाईपर्यंत तेच घोळवत राहिले. सात वर्षांची पोर आईबापांपासून लांब राहणार, आणि कारण काय, तर माझ्या वर्गात तिला बोलावंसं वाटलं नाही! त्यात न बोलणाऱ्या मुलांचा मला घरचा अनुभव. आमचा एकुलता एक चिरंजीव बंगळुरूला नोकरीला. मी फोन केला की तो तीन शब्द बोलतो: "हं", "बरं" आणि "ठेवतो". चार शब्द बोलला तर मी आमच्या ह्यांना विचारते, "बरं नसेल का हो त्याला?"

तेव्हा मी ठरवलं, दिवाळीच्या आत ही पोर बोलली पाहिजे. मी नुकतीच एका शिक्षक-प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि 'वर्गात करून पाहण्याजोग्या कल्पना' अशी अख्खी वही भरून आणली होती. (वहीवर माझं नाव तीन रंगांत लिहिलं होतं. ह्यावरून उत्साहाची कल्पना यावी.)

पहिली कल्पना: वर्गातल्या प्रत्येक वस्तूला नावाची पट्टी लावायची, म्हणजे मूल येता-जाता शब्द वाचतं आणि नकळत बोलू लागतं. मी रात्रभराचं काम एका संध्याकाळी उरकलं. दार, फळा, टेबल, माठ, झाडू. पट्ट्या जेवणाच्या टेबलावर वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या लागल्या, एक सापडेना. ती दुपारी सापडली. आमचे हे साखळीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतात. देहयष्टी भरदार. ते सकाळपासून पाठीवर 'कपाट' लावून दुकानात वावरत होते आणि एकाही गिऱ्हाईकाने हरकत घेतली नव्हती!

तन्वी मात्र सगळ्या पट्ट्या वाचायची. मनातल्या मनात.

दुसरी कल्पना: बाहुलं. मूल मोठ्या माणसाशी बोलत नसेल तर बाहुल्याशी बोलतं. मी ह्यांचा एक काळा मोजा घेतला, त्याला शर्टाच्या गुंड्यांचे डोळे लावले, लाल लोकरीचं तोंड केलं आणि हातात घालून वर्गात गेले.

"तन्वीऽऽ," मी बारीक आवाज काढला, "मी मोजूमामा! माझ्याशी बोलतेस का गंऽऽ?"

तन्वीने मोज्याकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा मोज्याकडे. तिच्या डोळ्यांत इतकी कणव मी माझ्या बाबतीत पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. पहिलीतला रोहन मात्र मोठ्याने रडायला लागला आणि मोजूमामा वर्गाबाहेर जाईपर्यंत बाकाखालून निघेना. त्याच दिवशी आमच्या ह्यांना पेडण्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. कपाटात काळा मोजा एकच उरलेला, म्हणून दुसऱ्या पायात निळा घालून गेले. बुटात काय दिसणार? बूट दाराबाहेर काढायचे असतात, हे त्यांना दारातच आठवलं.

"तुझी विद्यार्थिनी बोलेल तेव्हा बोलेल," ते घरी येऊन म्हणाले, "पण मी आता चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही."

तिसरी कल्पना मात्र मला स्वतःला फार आवडली होती. समोरच्या माणसाशी बोलायला मूल बुजत असेल, तर न दिसणाऱ्या माणसाशी बोलेल. म्हणजे फोनवर! वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई टाकायची, माझा मोबाईल द्यायचा, आणि दर सोमवारी तिघा-चौघांनी पाच-पाच मिनिटं एका आजीशी बोलायचं. शिक्षकाने मध्ये डोकवायचं नाही. मुलाचं बोलणं ते मुलाचं.

आजी घरचीच होती. सासूबाई.

सासूबाईंचं वय शहात्तर. माहेर मोप्याचं. ऐकायला कमी येतं. कानात घालायचं यंत्र मुलाने घेऊन दिलंय, पण ते झिजेल म्हणून त्या पेपरमिंटच्या डब्यात जपून ठेवतात. बोलायला मात्र अजिबात कमी नाही. कमी आहेत ती माणसं. मी सातला घराबाहेर, हे आठला, नातू बंगळुरूला. दुपारपर्यंत घरात त्या आणि टीव्ही. टीव्हीवरच्या बायकांना त्या उलट उत्तरं देतात, पण त्या बायका थांबून ऐकत नाहीत, असं त्यांचं दुःख.

मी कल्पना अर्धी सांगितली, तोवरच त्यांनी विचारलं, "किती पोरां?"

"तीन-चार, आई. आळीपाळीने."

"तीन-चार कित्या? सगळ्यांक दी!"

पहिल्याच सोमवारी रोहन त्यांच्याशी इतका खुलून बोलला की दुपारी मी घरी आले तर सासूबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, "गो, तू वर्गात जांभयो देतस म्हणे?" कल्पना यशस्वी होत होती, यात शंका नव्हती.

तन्वीने फोन घेतला, खिडकीखाली चटईवर बसली, कानाला लावला आणि गप्प राहिली. सासूबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. मध्ये न बोलणारा श्रोता त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता! त्यांचा आवाज असा, की मधल्या फोनची खरं तर गरज नाही. सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं.

"बाय, माझां म्हायार मोप्याक. सड्यार गुरां घेवन जायंय मी. तुज्येवढी आसताना. एक तांबडी गाय होती, ती माझ्याशिवाय कोणाच्या हाताक येय नाय. आणि करवंदाची एक झाळ. ती माझी. कोणाक दाखवलंय नाय मी. आता थंय विमानां उतारतत. बरां झालां, लोकांची सोय झाली. पण बाय, विमान वयर गेलां ना, की माका वाटता, माझी झाळ खंय गेली आसतली?"

मी फळ्यापाशी उभी होते. खडू नुसता हातात राहिला. तीस वर्षं मी ह्या बाईंची सून. मला त्यांची ही झाळ, ही करवंदाची जाळी, माहीत नव्हती.

पण माझ्यातली टीचर लगेच जागी झाली. घरी गेल्यावर मी म्हटलं, "आई, मुलांना जरा गमतीच्या गोष्टी सांगा. ससा, कासव, असं."

"ससो-कासव तेंका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तां चेडू आयकता, तू गप रव."

असे चार सोमवार गेले. तन्वी बोलली नाही, पण तिची पाळी संपली की फोन तिच्या हातातून काढून घ्यावा लागायचा. गणपतीची चवथ होऊन गेली. दिवाळी समोर दिसू लागली. तिच्या वडिलांनी गावच्या काकीला विचारून ठेवलंय, असं कानावर आलं. शाळा सुटली की मी तिच्या वह्या चाळत बसायची आणि त्या मोत्यासारख्या अक्षरांना मनात म्हणायची, अगं, एक तरी शब्द ऐकव.

आणि मग तो सोमवार.

मी फळ्यावर 'ब'चे शब्द लिहीत होते. मागून रोहनची कुजबुज आली, "टीचर, टीचर, बघा!"

वळून बघते तर तन्वीचे ओठ हलत होते! फोन कानाला घट्ट, दुसरा हात तोंडावर, डोळे खिडकीबाहेर, आणि ओठ हलताहेत!

"टीचर, तन्वी बोल..."

"शूऽऽ!" मी अख्ख्या वर्गाला दटावलं. जवळ जायचा मोह झाला, पण वहीत नियम लिहिला होता, डोकवायचं नाही. मी डोकावले नाही. मी फक्त फळ्यावर 'ब' काढत राहिले. अकरा 'ब' काढले. मिनिटभराने तन्वीने स्वतःहून फोन आणून माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी फोनचा आवाज बंद केला आणि तो कपाटात कुलूपबंद करून टाकला. (हाही वहीतलाच नियम!)

तिकडे घरी काय झालं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

यंत्र पेपरमिंटच्या डब्यात. तन्वीचा आवाज म्हणजे कुजबुज. त्या कुजबुजीतले सासूबाईंच्या कानापर्यंत पोचलेले शब्द एवढेच: "वाघ... धावत इलो... मागसून... माका भय... टीचरक सांगा नको..." आणि फोन बंद.

एक लहान पोर दबक्या आवाजात बोलते आहे, म्हणजे कुठेतरी लपून बसली आहे! सासूबाईंनी ताबडतोब मला फोन लावला. मी उचलला नाही. पुन्हा लावला. असा चौदा वेळा लावला. पंधराव्या वेळी त्यांनी कपाळावर हात मारला आणि जनेलातून शेजारच्या शांतीला हाक घातली, "शांतीऽऽ! शाळेत वाघ इलो! आमच्या सुनेक खाल्लान!"

आता आमच्या भागात वाघ ही अगदी अशक्य गोष्ट नाही. जंगल फार दूर नाही, बिबटे तर अधूनमधून कोंबड्यांना येतातच. शांतीने वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं: 'शाळेत वाघ.' दोन मिनिटांत त्याचं 'शाळेत वाघीण व दोन पिल्ले' झालं. पाचव्या मिनिटाला कोणीतरी फोटोही टाकला. त्या वाघाच्या पाठीमागे बर्फ पडलेला दिसत होता, पण अशा घाईत मागचं कोण बघतो!

आम्ही वर्गात 'उजवा हात वर, डावा हात वर' करत होतो, तेवढ्यात बाहेर फटाक्याची माळ वाजली. पाठोपाठ डबे, पत्रे, आरोळ्या. खिडकीतून बघितलं तर पटांगणाच्या कडेने अर्धा वाडा, हातात काठ्या आणि कोयते.

"टीचर, भायर येव नाकात! वाघ आसा!"

पलीकडून हेडसरांचा खणखणीत आवाज आला, "बाई, अजिबात घाबरू नका! शांत राहा!" आणि पाठोपाठ कडी लागल्याचा आवाज आला.

संकटकाळी शिक्षकाने काय करावं, हेही मी शिकून आले होते. एक, आवाज खालच्या पट्टीत ठेवावा. दोन, मुलांना एकत्र घ्यावं. तीन, मुलं मोजावीत. मी मुलं मोजली. नऊच्या नऊ होती. फार छान दिसत होती, कारण मी खुर्चीवर उभी होते. तिथे कशी आणि केव्हा चढले, ते मला आजतागायत आठवत नाही.

"टीचर, तुमी वर कित्या चडल्यात?" रोहनने विचारलं. तो स्वतः मजेत होता. वाघ त्याला मोजूमामापेक्षा बरा वाटला असावा.

"वरून नीट दिसतं," मी म्हटलं. खालच्या पट्टीत.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आत आल्या सासूबाई! एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात डाव, पदर खोचलेला, केस सुटलेले. शांतीच्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या. ह्यापूर्वी त्या स्कूटरवर बसल्या नव्हत्या, ह्यानंतरही बसल्या नाहीत.

"गो, जिती आसस?"

"आई! तुम्ही कशाला आलात? बाहेर वाघ आहे!"

"म्हणान तर इलंय!" त्या ओरडल्या, आणि तिथेच मटकन बसून रडायला लागल्या. मग रडता रडताच, "फोन कित्या घेणस नाय गो? चौदा फावटी!"

त्यांच्या मागून हे आत घुसले. साखळीहून दुकान तसंच टाकून आलेले, धापा टाकत. दुकानात दोन डझन कोयते, पहारी, कुऱ्हाडी. आणि हे काय घेऊन आले होते, तर विजेवर चालणारं ड्रिल मशीन!

"ह्यां काय हाडलंस?" सासूबाईंनी रडणं थांबवून विचारलं.

"ड्रिल."

"वायर खंय लावतलंस? वाघाच्या नाकपुडेत?"

ह्यांनी हातातल्या ड्रिलकडे बघितलं. लोंबणाऱ्या वायरीकडे बघितलं. मग खुर्चीवरच्या माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. मला वाटतं, संसारात काही क्षणी दोघांनीही न बोलणं बरं.

आणि तेव्हा माझ्या ओढणीला खालून ओढ बसली.

"टीचर."

मी खाली बघितलं. तन्वी.

"टीचर, वाघ नाय. वाघ्यो. माजो कुत्रो."

 खिडकीतले डबे-पत्रे थांबले. आवाज कसा होता सांगू? जरा घोगरा. बरेच दिवस बंद असलेल्या घराचं दार उघडावं तसा.

"कसो गो वाघ्यो, बाय?" सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. "माका परत सांग. मोठ्यान सांग. माका आयकूक येणा नाय."

मग तन्वीने मोठ्याने सांगितलं. खिडक्यांतून बघणाऱ्या चाळीस माणसांदेखत.

"आमी बशीत बसलो तेवा तो मागसून धावत इलो. पुलापर्यंत इलो. मगे बस जोरात गेली. काकी म्हणता, तो अजून सांजचो पुलार जावन बसता. माका भय वाटता, माका इसारतलो म्हणान."

बाहेरच्या काठ्या हळूहळू खाली आल्या.  गर्दीतली निम्मी माणसं कुठून ना कुठून इथे आलेली होती, आणि प्रत्येकाचा कुठे ना कुठे एक पूल असावा.

"मग तू शाळेत बोलत का नव्हतीस गं?" मी विचारलं.

तन्वीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "आमी हयसर इलो तेवाच बाबा आवशीक सांगी होतो, रमणा नाय तर गावाक ठेवया म्हणान. म्हणान गप रवलंय."

म्हणजे मी पट्ट्या चिकटवल्या, मोज्याला डोळे लावले, नवऱ्याचा साखरपुड्यात पंचनामा करवला, आणि ही पोर चक्क संपावर होती! एकटी. चार महिने. मागणी एकच, वाघ्या.

"आता बोललंय," ती म्हणाली. "आता माका पाठवूचे नाय." आणि तिने भोकाड पसरलं.

खोट्या वाघापासून आम्हा सगळ्यांना सोडवायला तिने आपली चार महिन्यांची गप्प राहण्याची पुंजी एका वाक्यात खर्च करून टाकली होती. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा कुठे मी खुर्चीवरून खाली उतरले. गर्दीत काठी घेऊन तिचे वडीलही उभे होते. त्यांनी काठी भिंतीला टेकून ठेवली आणि ट्रक चालवणारा तो दांडगा माणूस बराच वेळ तोंड पुसत राहिला.

थोड्या वेळाने वनखात्याची जीप आली. त्यांच्या साहेबांनी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्राणी सध्या कुठे आहे?"

"दोडामार्गाकडे, पुलार," तन्वीने हुंदके देत सांगितलं. चार महिन्यांची कसर भरून काढायची असल्यागत ती आता कोणालाही उत्तरं देत होती. साहेबांनी वही मिटली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. मग हेडसरांनी कडी काढली.

पुढच्या रविवारी हे दुकानाचा टेम्पो घेऊन तन्वीला आणि तिच्या वडिलांना गावी घेऊन गेले. संध्याकाळी वाघ्या आला. खोलीच्या मालकाला कुत्रं चालत नव्हतं म्हणून तो आमच्याकडे राहिला. उभ्या आयुष्यात अंगणात कुत्रं येऊ न देणाऱ्या सासूबाईंनीच हे ठरवलं. वाघ्या म्हणजे सोललेल्या नारळाएवढा जीव. एक कान उभा, एक पडलेला. आमच्या मांजरीला बघून तो पहिल्याच दिवशी माठामागे जाऊन बसला.

त्यानंतर शाळा सुटली की तन्वी आमच्याकडे. ती, सासूबाई आणि वाघ्या ओसरीवर. काय बोलायच्या दोघी, देव जाणे. सासूबाईंनी पेपरमिंटच्या डब्यातलं यंत्र कानात घातलं, ते काढलंच नाही. तांबडी गाय, करवंदाची झाळ, पूल, काकीच्या घरामागचा व्हाळ, सगळं दोघींचं सामायिक होऊन गेलं. मी भांडी घासताना कान देऊन ऐकायची. आमच्या घरात लहान मुलाचा आवाज कितीतरी वर्षांनी होत होता. दुपारची उन्हं ओसरीवरून उतरायची, आणि मला उगाच वाटायचं, हे असंच चालणार आहे.

वर्गातही मी एक नवीन गोष्ट सुरू केली. वहीत नव्हती ती. दर शुक्रवारी प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा, आजीआजोबा बोलतात तसा. कोणी 'कदेल' म्हणजे खुर्ची आणली, कोणी 'व्हाळ' म्हणजे ओढा, कोणी 'जनेल' म्हणजे खिडकी. नऊ मुलं, नऊ घरं. सगळ्यांत जास्त शब्द तन्वीचे. चौथीपर्यंत ती एक क्षणही गप्प बसली नाही. तिसरीत ती हेडसरांच्या वर्गात गेली, तेव्हा हेडसर एकदा मला म्हणाले, "बाई, तो वहीतला उपाय उलटा करता येतो का हो?"

गेल्या मे महिन्यात तिच्या वडिलांचं इकडचं काम संपलं आणि ती मंडळी परत गावी गेली. ट्रकच्या पुढच्या सीटवर तन्वी, तिच्या मांडीवर वाघ्या, एक कान उभा. ह्या खेपेला मागून धावायला कोणी नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि मी टीचर, रस्त्यात धावले तर लोक काय म्हणतील? वळणापर्यंत आम्ही दोघी फक्त भराभर चालत गेलो.

आता दुपारी घरी आले की ओसरी अंगावर येते. मांजर माठामागे जाऊन कोणाला तरी शोधते. सासूबाई टीव्ही लावतात, पण त्यातल्या बायकांना उत्तर देत नाहीत.

रविवारी चार वाजता मात्र फोन वाजतो. माझाच. सकाळपासून मी तो पदरात घेऊन फिरत असते.

"हॅलो, तन्वी! कशी आहेस? नवीन शाळा कशी आहे? मैत्रिणी झाल्या का?"

"बरी आसा. टीचर, आजीक दिया."

सासूबाई फोन घेऊन ओसरीवर जातात आणि मध्ये दार ओढून घेतात. चाळीस मिनिटं! मी दाराच्या अलीकडे उभी. नियम मोडून डोकावते, पण ऐकू येतं ते फक्त हसणं.

गेल्या रविवारी मी धीर केला. म्हटलं, "तन्वी, आजीला देते. पण आधी दोन मिनिटं माझ्याशी बोल ना गं. मला पण तुझी फार आठवण येते."

 मग फार मऊ आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "टीचर, माका पण येता. पण तुमच्यावांगडा बोलूक जमणा नाय माका. तुमी मदीच चुको काढतास."

"चुको नव्हे गं," मी म्हटलं, "चुका."

पलीकडे शांतता. मी मुकाट्याने फोन सासूबाईंच्या हातात दिला.